गुऱ्हाळावर आलेली मतदारयादी

पौष लागला की साताऱ्याच्या आमच्या गच्चीवर सकाळी मला गुळाचा वास येतो. सूनबाई म्हणते, "आई, इथं कुठलं आलंय गुऱ्हाळ? कारखान्याचा धूर असेल." असेल बाई! पण नाक माझं आहे, आणि ते कुंडलच्या बाजूचं आहे. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या नाकाला थंडी पडली की दुसरं काही सुचतच नाही. घरातले बाजारातून गुळाची चौकोनी, पिवळीधमक, चकचकीत कागदात गुंडाळलेली वडी आणतात आणि कौतुकानं दाखवतात, "बघा, खास सेंद्रिय!" मी तुकडा तोंडात टाकते आणि गप्प बसते. घरात शांतता राहावी म्हणून माणसाला बरंच काही गिळावं लागतं.

यंदा त्या वासाच्या पाठोपाठ मतदारयाद्या तपासणारी एक मुलगी दारात आली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, पायात धुळीनं भरलेल्या चपला. "आजी, नाव सांगा." मी माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं खणखणीत सांगितलं. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून पाहिलं. मुलगी हसली, "आजी, हळू बोला, मला ऐकू येतं." तिला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. तो तिनं रुमालात बांधून घेतला, कारण तिला अजून अख्खी गल्ली उरकायची होती. ती गेली आणि मी दिवसभर ओट्यापाशी, देवापाशी, गच्चीवर, जाईन तिथं गुऱ्हाळाच्या एका जुन्या हंगामातच वावरत राहिले. भाजीला दोनदा मीठ पडलं ते त्यामुळं.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. भोवतालची संस्थानं विलीन झाली होती. कुंडलपासून बैलगाडीच्या वाटेवरच्या आमच्या गावात मात्र राज्य बदलल्याची खूण म्हणजे चावडीवरचा नवा झेंडा, एवढीच. बाकी कृष्णेचं पाणी तेच, काळी जमीन तीच, आणि थंडीत गावाबाहेर पेटणारी चुलवणंही तीच. गुऱ्हाळाच्या दिवसांत घरात कुणी सापडायचं नाही. चरकाभोवती बैल फिरायचे, हिरवट फेसाचा रस गळायचा, जमिनीत खणलेल्या चुलवणावर अंगणाएवढी काहील रटरटायची. रस पिकला की नाही हे गुळव्या नुसत्या बुडबुड्यांवरून सांगायचा. आई चुलवणाच्या तोंडाशी बसून वाळलेली चिपाडं आत सारायची. तिच्या कपाळावरचं कुंकू धुरानं काळं पडलेलं असायचं. गुऱ्हाळावर आलेला माणूस, मग तो ओळखीचा असो की वाटसरू, तोंड गोड केल्याशिवाय परत जायचा नाही, असा रिवाज होता.

त्या हंगामात माझा थोरला भाऊ बापू सांगलीच्या कॉलेजातून सुट्टीला आला तो एका दोस्ताला घेऊन. मी सतरा वर्षांची. सांगलीला मामांकडं राहून इंग्रजी शाळेत शिकत होते, सुट्टी म्हणून घरी आले होते. गाडी गुऱ्हाळाशी थांबली. बापू उतरला, आणि त्याच्यामागून एक उंच, सडसडीत, काळाभोर माणूस उतरला. कोटाची सगळी बटणं लावलेली, डोळ्यांवर गोल चष्मा. क्षणभर चरकाचे बैलसुद्धा थांबले असं मला वाटलं. प्रत्यक्षात हाकणारा थांबला होता.

"हबशी हाय जनू," कुणीतरी मागून म्हणालं.

"गप ए," आईनं तिथूनच दटावलं. "लय गोरा लागून गेलास तू! ह्या धुरात बसून आपुन कुटं गोरं ऱ्हायलोय? पावना हाय त्यो. रस द्या आदी त्येला."

त्याचं नाव सीपो. पार दक्षिण आफ्रिकेतल्या एका समुद्राकाठच्या प्रांतातला. तिकडं शाळेत मास्तर होता. कुणा गुजराती व्यापाऱ्याच्या मदतीनं पुढं शिकायला इकडं आला होता. बोलायचा हळू, शब्द निवडून. गुळव्यानं रिवाजाप्रमाणं उसाचं कांडकं काहिलीतल्या उकळत्या गुळात बुडवून त्याच्या हातात दिलं. शहाण्या माणसानं फुंकून खावं! यानं सभ्यपणानं लगेच तोंडात घातलं, आणि भाजलेली जीभ तोंडातच ठेवून सगळ्यांना हसून दाखवत राहिला. त्या हसण्यावर अख्खं गुऱ्हाळ भाळलं. संध्याकाळपर्यंत म्हातारे त्याला "सीपो, गड्या, हिकडं ये रं" म्हणून हाका मारायला लागले.

ऊस त्याला नवा नव्हता. तो म्हणाला, "आमच्या देशातल्या उसाच्या मळ्यांत तुमच्याच लोकांना बोटीत घालून आणलं होतं." मी ते आबांना, माझ्या वडलांना, मराठीत सांगितलं. आबांनी तंबाखू मळता मळता मान वर केली. ऊस तोडायला समुद्र ओलांडून माणसं नेतात हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

पण त्याच्या चष्म्यामागचे डोळे नुसते कौतुक करायला आलेले नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "ती माणसं तिकडं का बसलीत?" महारवाड्यातली ऊस तोडणारी माणसं लांब बाभळीखाली बसून रस पीत होती. रस त्यांच्या ओंजळीत वरून ओतला जायचा. जन्मापासून मी ते बघत होते आणि कधीच बघितलं नव्हतं. बापू पायानं माती उकरत राहिला. सीपो म्हणाला, "आमच्याकडं स्टेशनवर काळ्यांचे बाक वेगळे, पोस्टात खिडकी वेगळी. इथं पाटी दिसत नाही, तरी सगळ्यांना कुठं बसायचं ते माहीत आहे." आणि तो आपला पेला घेऊन बाभळीखाली जाऊन बसला. त्या दिवशी जेवताना आबांचं लक्ष ताटात नव्हतं.

अशात एका सकाळी तलाठी आले. सारा गाव गुऱ्हाळावर, तेव्हा घरोघर कुलपं मोजत कशाला फिरायचं, असा साधा हिशोब त्यांनी केला होता. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. गुळाच्या ढेपांशेजारी पोत्यांच्या थप्पीवर त्यांनी बैठक मांडली. दौत, टाक, आणि कागदांचा गठ्ठा. घटकाभरात कागद गुळानं चिकट झाले, मुंग्या चढल्या, आणि अण्णा एका हातानं मुंग्या झटकत दुसऱ्यानं लिहीत राहिले.

"शेतसारा गोळा करतायत का?" सीपोनं विचारलं.

"मतदारांची यादी करतायत," बापू म्हणाला. "आता निवडणूक होईल तेव्हा एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना मत."

सीपो हसला. शहरातल्या पोरानं थाप मारावी आणि आपण ती समजून घ्यावी, तसं. मग तो अण्णांच्या मागं जाऊन उभा राहिला. गुळव्या आला. नाव, बापाचं नाव, वय. पुढचा. मेंढरं राखणारा धनगर आला, खांद्यावर घोंगडं. नाव, बापाचं नाव, वय. पुढचा. बाभळीखालचा म्हातारा आला. नाव, बापाचं नाव, वय. सीपो वाट बघत होता, कसली ते आम्हाला कळत नव्हतं. शेवटी त्यानं माझ्या बाहीला धरून विचारलं, "हे त्यांना वाचायला केव्हा लावणार?"

"कशाला?"

"लिहिता-वाचता येतं का, जमीन किती, हे विचारणार नाहीत?"

मी अण्णांना विचारलं. अण्णांनी नाकावरचा चष्मा सरळ केला. "छे! तसा हुकूम नाही. माणूस पाहिजे आणि वय पाहिजे, बस्स."

सीपो पोत्यावर बसला. असा बसला की मला वाटलं, याला धुरानं भोवळ आली. मग तो आपल्या वडलांबद्दल बोलायला लागला, आणि बापू नि मी मिळून ते मराठीत सांगत गेलो. त्याचे वडील हेडमास्तर. त्यांच्या प्रांतात पूर्वी थोड्या काळ्या लोकांना मत होतं. शिकलेलं असावं, मालमत्ता असावी, अशी अट. मताच्या दिवशी वडील बूट चकाकवायचे, काळा कोट चढवायचे आणि लेकराचं बोट धरून चालत जायचे. मग गोऱ्या सरकारनं कायदा केला आणि काळ्यांची नावं गोऱ्यांच्या यादीतून काढून टाकली. त्यांच्यासाठी निराळी यादी, आणि त्यांच्या वतीनं कायदेमंडळात बसणार कोण, तर गोरेच. बाकीच्या प्रांतांत तर तेवढंही नव्हतं. वडील आणि त्यांचे मित्र, कुणी वकील, कुणी पाद्री, कुणी आपल्या भाषेत वर्तमानपत्र चालवणारा, अर्ज लिहीत राहिले. माणसं विलायतेला पाठवली. "आम्ही तुमच्या शाळांत शिकलो, तुमच्या देवाला भजतो, तुमचीच पुस्तकं वाचतो, मग आम्हाला का वगळता?" सीपो म्हणाला, "वडलांच्या एकाही अर्जात व्याकरणाची चूक नसायची. उत्तर मात्र कधी आलं नाही."

तिकडची तरुण पोरं आता अर्जांना हसत होती. अर्ज पुरेत, असहकार करू, संप करू म्हणत होती. आणि वडलांना विचारत होती, "शिकलेल्यांसाठीच मागता, मग खाणीत राबणारा माणूस कोण?" या वादात सीपो वडलांच्या बाजूचा होता. आधी शाळा, मग मत, असं तोही वर्गात शिकवायचा. आणि इथं, भाजल्या जिभेनिशी, घोंगडंवाल्या धनगराला कुणी एक अक्षर विचारत नाही हे तो बघत होता.

"तुमची घटना लिहून झाली?" त्यानं बापूला विचारलं.

"अजून नाही. दिल्लीत लिहितायत."

"आणि मतदार आधीच?" तो हसायला लागला, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. "म्हणजे घर बांधायच्या आधी तुम्ही माणसांना राहायला बोलावताय!"

पुढं मी मास्तरीण झाले आणि नागरिकशास्त्राचा धडा कितीतरी वेळा घेतला. पण त्या दिवशी त्याच्या तोंडावर जे होतं ते मला फळ्यावर कधी लिहिता आलं नाही. आमचा तलाठी, आमच्या मुंग्या, आमचा गूळ, आणि त्याकडं हा माणूस तोंडात बोट घालून बघतोय! आपलं घर पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहावं तसं मी ते पाहिलं. आम्ही म्हातारे झाल्यावर कधीतरी टीव्हीवर त्याच्या देशातल्या मतदानाच्या रांगा दाखवल्या. डोंगर चढून गेलेल्या, संपतच नव्हत्या अशा रांगा. मी पडद्याला नाक लावून बसले होते. नातू म्हणाला, "आजी, कुणाला शोधतेस?" जिवंत आहे का तेही ठाऊक नसलेल्या माणसाला शोधत होते.

तर त्या सकाळी आईची पाळी आली.

"वहिनी, नाव?" अण्णांनी पोत्यांवरूनच विचारलं.

"बापूची आय लिव्हा."

अण्णांनी उसासा टाकला. "वहिनी, तसं चालत नाही. स्वतःचं नाव लागतं. वरून हुकूम आलाय, अमक्याची आई, तमक्याची बायको अशी नावं खोडून टाकणार आहेत."

"खोडू द्या," आई चिपाड आत सारत म्हणाली. "माज्या एकटीबिगर काय राज्य अडलंय?"

तिच्यानंतर पाळी होती ती सगळी बायकांची. परक्या पुरुषासमोर, त्यात सरकारी कागदावर, नाव कोण सांगणार? सगळ्याजणी तुक्याची आई, नाम्याची आई, सदाची बायको. आई बोलली म्हणजे गावातल्या बायका बोलल्या, इतका तिचा शब्द चालायचा. ती जे करेल तेच बाकीच्या करणार, हे अण्णांनाही ठाऊक होतं. त्यांनी दौतीला बूच लावलं. "उद्या येतो. उद्याचाच दिवस आहे, परवा मला पुढच्या गावी जायचंय. विचार करा."

मी संतापले. सांगलीला शिकत होते ना! तिथंच आईला म्हटलं, "आई, किती अडाणीपणा करशील? चार माणसांत लाज आणलीस."

"लाज व्हय?" आई शांतपणानं म्हणाली. "तुला तरी ठावं हाय का गं माजं नाव?"

मी "पार्वती" म्हणाले. आई हसली आणि पुन्हा चुलवणाकडं वळली.

दुपारी सीपो तिच्याजवळ जाऊन बसला. चिपाडं आत सारायला लागला. भाषा कळेना, म्हणून मला बोलावलं. आईला तो म्हणाला, "माझ्या वडलांचं नाव खोडलं तेव्हा ते घरी आले, कोट काढून खुंटीला लावला, आणि पुन्हा कधी तो घातला नाही. त्यांना न विचारता खोडलं होतं. तुम्हाला तर विचारायला माणूस आलाय."

आईनं आणखी एक चिपाड जाळात सारलं. मग म्हणाली, "इचार त्येला, सीपो त्येचं खरं नाव का?"

मी विचारलं. तो म्हणाला, "हो. पण शाळेत पहिल्या दिवशी गोऱ्या बाईंनी विचारलं आणि मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आजपासून तू सायमन. त्यांना आमची नावं उच्चारायची नव्हती. सगळ्या कागदांवर सायमनच आहे. आणि तो कागद खिशात नसला तर पोलीस पकडतात."

"आन् सीपो म्हनून कोन हाक मारतं?"

"आई मारायची. आता तुम्ही."

आईनं पदरानं डोळे पुसले. धूर होता, पण नुसता धूर नव्हता. "आमचं बी तसंच हाय की रं लेकरा," एवढंच ती म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं, पण ते मलाच नीट कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दौत उघडली तेव्हा काहील नुकतीच उतरली होती. सगळीकडं पिकल्या गुळाचा तो वास, जो डोक्यात चढतो. आई उठली. हात धुतले, कपाळ पुसून नव्यानं कुंकू लावलं आणि सगळ्यांदेखत पोत्यांपुढं उभी राहिली.

"अण्णा, लिव्हा. सारजा."

अण्णांनी वर पाहिलं. "कोण सारजा?"

"मी."

आबा तंबाखूचा बार गालात धरून बघतच राहिले. "आगं, पार्वती न्हवं का तू?"

"त्ये तुमच्या घरचं. लग्नात ठिवलेलं," आई म्हणाली. "मला आयबापानं सारजा म्हनून हाक मारली. सरकारात त्येच जाऊ द्या."

देवा रे! लहानपणापासून मी जिच्या हातचं जेवले, जिच्या कुशीत झोपले, तिचं नाव मला तलाठ्याबरोबर कळलं. मला रडू यावं की हसू, समजेना. मी नुसती "सारजा, सारजा" असं मनात म्हणत राहिले, नवीन शिकलेला शब्द घोकावा तसं.

"नवऱ्याचं नाव?" अण्णांनी विचारलं, आणि आई अडली. नवऱ्याचं नाव काही तिच्या तोंडून निघेना. गुऱ्हाळ खदखदून हसलं. आबाच पुढं आले, घसा खाकरला, आणि स्वतःचं नाव सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते बायकोच्या ओळीत उभे होते, आणि त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

मग धरणच फुटलं. तुक्याची आई, जिच्या तोंडात एक दात नव्हता, ती लाजून म्हणाली, "गजरा." नाम्याची आई म्हणाली, "चिमणा." सदाची बायको पदर तोंडात धरून इतकी हळू बोलली की अण्णांनी तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा ती ओरडलीच, "केवडा म्हनत्यात मला!" जन्मभर पाहिलेल्या बायका, आणि आज एकेकीतून दुसरीच कुणी बाहेर येत होती. बाभळीखालून एकीनं तिथूनच नाव सांगितलं. अण्णा म्हणाले, "बाई, लांबून ऐकू येत नाही. इकडं या." ती बिचकत आली आणि आईच्या शेजारी उभी राहिली. आई सरकली नाही. अण्णांनी तिचं नाव आमच्याच कागदावर, आमच्याच ओळींखाली लिहिलं.

सीपो चष्मा काढून हातात धरून उभा होता. आईचं लक्ष त्याच्याकडं गेलं.

"अण्णा, ह्येचं बी लिव्हा की."

"तो परमुलखातला, वहिनी. इथं नाही लिहिता येत. त्याचं नाव त्याच्या मुलखात."

"तितं लिवत्यात व्हय?"

अण्णा बापूकडं बघायला लागले, बापू माझ्याकडं. सीपोनं विचारलं, "आई काय म्हणतायत?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली. नाही.

"मग ह्या लेकरानं नाव सांगायचं कुटं?" आईनं विचारलं.

मी ते वाक्य इंग्रजीत नेलं. सीपोनं ऐकलं, चष्मा डोळ्यांवर चढवला, कोटाचं वरचं बटण लावलं आणि पोत्यांपुढं, बाकीचे उभे राहिले होते तिथं, येऊन उभा राहिला. त्यानं आपलं नाव सांगितलं. सायमन नव्हे, सीपो. मग बापाचं, आज्याचं, कुळाचं, आणि ज्या नदीकाठी त्याचं गाव होतं त्या नदीचं, आम्हाला तेव्हा एक अक्षर न कळलेल्या आणि मागाहून त्यानं उलगडून सांगितलेल्या त्याच्या भाषेत, सावकाश आणि मोठ्यानं. अण्णांचा टाक शाईत बुडवलेला होता, पण ते नाव लिहायचा कागद त्यांच्या गठ्ठ्यात नव्हता. तेव्हा ते सरकारी गृहस्थ पोत्यावरून उठले, डोक्यावरची टोपी नीट केली, आणि त्याचं सगळं सांगून होईपर्यंत उभे राहिले.